माझ्यावर तेरावा महिना नाही

मी एक चकती. खरं म्हणजे दोन. खाली एक मोठी, वर एक लहान, आणि दोघींच्या मधोमध गेलेली एक पितळी खीळ. खीळ आहे म्हणून आम्ही दोघी मिळून एक. दिसायला मी खेळण्यातल्या घड्याळासारखी आहे, पण मी टिकटिक करत नाही. बाईच्या पोटात बाळ कधी आलं आणि ते बाहेर कधी येईल, एवढंच मी सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका छापखान्यात झाला. मोठ्या चकतीवर बारा महिने छापले, तीनशे पासष्ट बारीक रेघा ओढल्या. लहान चकतीवर चाळीस आठवडे आणि तीन बाण आले. पहिला बाण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाचा, दुसरा गर्भ राहिल्याचा, तिसरा बाळंतपणाचा. पहिला बाण योग्य रेघेवर ठेवला की उरलेले दोघे आपोआप आपापल्या जागी जातात. माझं सगळं शहाणपण ते एवढंच. आणि पहिला बाण चुकला, तर उरलेले दोघे त्याच्या मागोमाग निमूटपणे चुकतात.

माझ्या चाळीस आठवड्यांतलं एक गुपित आधीच सांगून टाकते. त्यातले पहिले दोन आठवडे पोटात कोणीच नसतं. मोजणी पाळीपासून सुरू होते, बाळ मागाहून येतं. बायकांना हे लगेच कळतं. नवऱ्यांना दोनदा समजावावं लागतं, आणि तरीही ते बाहेर जाऊन बोटांवर मोजून बघतात.

रबरी हातमोज्यांच्या खोक्यात बसून मी इथिओपियाच्या डोंगरात, कुलकुवाल गावच्या आरोग्य केंद्रात आले. खोकं सिस्टर अस्नाकेच यांनी उघडलं. सव्वीस वर्षं बाळंतपणं केलेली ती जाडजूड बाई. चष्मा दोरीने गळ्यात. तिने मला उलटसुलट फिरवलं आणि खो-खो हसली.

"अगं बाई, ही तर बाराच महिन्यांची! आमचा तेरावा कुठे सांडून आलीस?"

मला राग आला होता. पण ती खरं बोलत होती. इथल्या वर्षात तीस-तीस दिवसांचे बारा महिने असतात आणि वर्षाच्या शेवटी उरलेल्या पाच दिवसांचा एक तेरावा महिना. त्याचं नाव पागुमे. शिवाय इथले महिने माझ्या महिन्यांबरोबर सुरूही होत नाहीत. इथला हिदार महिना लागतो, तेव्हा माझ्या नोव्हेंबरचे नऊ दिवस होऊन गेलेले असतात. म्हणजे हिदारची पहिली तारीख ही माझ्याकडची दहा नोव्हेंबर. अस्नाकेचबाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. बाईने हिदारची पाच सांगितली, की त्या मनात नऊ मिळवायच्या आणि माझा बाण चौदा नोव्हेंबरवर ठेवायच्या.

खरं सांगते, त्यांना माझी गरजच नव्हती. त्या आधी बोटांवर मोजायच्या. पाळीच्या तारखेपासून नऊ महिने पुढे, वर दहा दिवस. वाटेत पागुमे पूर्ण लागला तर दहाऐवजी पाचच. मग मला फिरवायच्या. माझं उत्तर त्यांच्या बोटांशी जुळलं की म्हणायच्या, "पास झालीस," आणि मला खिशात टाकायच्या. त्यांच्या खिशात मी सात वर्षं होते आणि सात वर्षं माझी परीक्षाच चालू होती.

इथल्या बायका तारीख आकड्याने सांगत नाहीत, हेही मी तिथेच शिकले. दर महिन्याची बारावी तारीख मिकाएल या देवदूताची, एकविसावी देवमाता मारियमची. त्यामुळे कोणी म्हणते, "मिकाएलच्या दुसऱ्या दिवशी." कोणी म्हणते, "मारियमच्या आदल्या दिवशी, आमची गाय दरीत पडली तेव्हा." गाय कोणाची, कशी पडली, पुढे तिचं काय झालं, हे सगळं झाल्यावर तारीख येते. अस्नाकेचबाई ते सगळं ऐकून घ्यायच्या. गाय पुरती ऐकली की तारीख पक्की होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्या निवृत्त झाल्या आणि शहरात लेकीकडे राहायला गेल्या. जाताना मला टेबलाच्या खणात ठेवून गेल्या. आठ दिवसांनी खण उघडला तो सिस्टर मेकदेस यांनी.

मेकदेस तेवीस वर्षांची, राजधानीत वाढलेली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. हात हलका, चाल झपाझप. तिला चुकायला अजिबात आवडत नसे. मी तिला फार आवडले. मला पुसून तिने नव्या कोऱ्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं, पेनाच्या शेजारी. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. मी जरा फुगलेच.

माझी खरी दशा तिथूनच सुरू झाली. मेकदेसच्या डोक्यात महिन्यांच्या जोड्या पक्क्या होत्या. हिदार म्हणजे नोव्हेंबर, ताहसास म्हणजे डिसेंबर. पहिल्याच दिवशी एका बाईने हिदारची आठ सांगितली, आणि मेकदेसने माझा बाण सरळ आठ नोव्हेंबरवर ठेवला. मधले नऊ दिवस कोणी मिळवलेच नाहीत. गंमत म्हणजे माझं उत्तर आलं की ते इथल्या तारखेत बदलायला ती मोबाइल वापरायची, आणि मोबाइल बिचारा बरोबरच सांगायचा. आत जाताना चूक, बाहेर येताना बरोबर. त्यामुळे तिला कधी शंका आली नाही.

मला ते दिसत होतं. पण पुठ्ठ्याला ओरडता येत नाही.

आठ महिने कोणाच्याच लक्षात आलं नाही. नऊ दिवस म्हणजे काही फार नाही. बाळं तशीही आपल्या मर्जीने येतात. फक्त मेकदेसच्या वहीत शेवटच्या रकान्यात सारखा एकच शब्द दिसू लागला: 'उशीर'. उशीर, उशीर, उशीर.

"या डोंगरातली बाळं फार आळशी," ती म्हणायची. "आत हवा खात बसतात."

बाळं बिचारी वेळेवरच येत होती.

अशात झेनेबेच आली.

आमच्या केंद्राच्या मागे एक लांबट मातीचं घर आहे. लांबच्या गावातल्या गरोदर बायका दिवस भरत आले की तिथे येऊन राहतात, म्हणजे कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरायला नको. स्वतःचं पीठ, स्वतःची कॉफी घेऊन येतात आणि वाट बघतात. झेनेबेच तिथे तीन आठवडे आधीच आली होती. सोबत तिची सासू लाकेचआजी.

ती इतक्या लवकर का आली, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिला घरीच कळा सुरू झाल्या होत्या. आठ माणसांनी तिला बाजेवर घालून खाली आणलं, पण खालच्या नदीला पाणी चढलेलं होतं. अर्धा दिवस सगळे काठावर उभे राहिले. ते बाळ रडलंच नाही. झेनेबेच त्याबद्दल कधी बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलायची. खाटेवर कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत असायची.

तिच्या कार्डावर पाळीची तारीख स्वच्छ लिहिली होती: हिदार एकवीस. मेकदेसने माझा बाण एकवीस नोव्हेंबरवर ठेवला. तिसरा बाण अठ्ठावीस ऑगस्टवर गेला. मोबाइलने सांगितलं, इथल्या हिशेबाने नेहासे महिन्याची बावीस.

नेहासे बावीस आली आणि गेली. बाळाने काही हालचाल केली नाही. म्हणजे हालचाल पुष्कळ केली, पण आतल्या आत.

केंद्राचा नियम असा, की दिवस भरून वर एक आठवडा गेला तर बाईला शहरातल्या इस्पितळात पाठवायचं. तिथे सलाईन लावून कळा आणतात. नाहीच आल्या तर पोट उघडतात. नियम चांगलाच आहे. खरोखर दिवस उलटलेल्या बाळाला आत ठेवणं धोक्याचं असतं, ते मीही जाणते. पण शहराचा रस्ता त्याच नदीवरून जातो, आणि नेहासे म्हणजे ऐन पावसाळा.

नेहासे एकोणतीसला दुपारी मेकदेस त्या मातीच्या घरात गेली. आत कॉफीचा दुसरा पेला चालू होता. लाकेचआजी कोळशाच्या शेगडीपाशी बसली होती. झेनेबेचचा नवरा वोंदिराद मेथीचं पीठ पोहोचवायला आला होता, तो दाराजवळच्या बाकावर. शेजारच्या खाटेवर ब्रितुकान होती. तिसऱ्या खेपेची, आणि तोंडाने सगळ्यांत मोकळी.

"झेनेबेच, उद्या सकाळी ॲम्ब्युलन्स येईल," मेकदेस म्हणाली. "कपडे बांधून ठेव. तुला इस्पितळात न्यायचंय."

झेनेबेच उठून बसली. तिने पोटावर हात ठेवला. "बाळाला काही झालंय का?"

"नाही, ठोके छान आहेत. पण दिवस उलटून आठवडा झाला. आता थांबता येत नाही."

"नदीवरून?" झेनेबेचने विचारलं.

मेकदेस जरा घुटमळली. "गाडी मोठी आहे गं."

"काय उलटलं?" लाकेचआजी पेला ठेवत म्हणाली. "अजून दिवस भरलेच नाहीत, उलटतील कुठून? पागुमेच्या पहिल्या दिवशी भरतात. परवा."

"नाही आजी. नेहासे बावीसला भरले."

"कोणी सांगितलं?"

मेकदेसने मला खिशातून काढून दाखवलं. मी शक्य तेवढी लहान व्हायचा प्रयत्न केला.

"ही!" आजी म्हणाली. "ही बशी! हिला नातवंडं किती?"

ब्रितुकान फसकन हसली. मेकदेसही हसली, पण तिचे कान लाल झाले. "आजी, तुमची सुरुवातीची तारीख चुकत असेल. पाळी कधीची धरलीत?"

"हिदार एकवीस. सियोनचा सण होता त्या दिवशी. अख्खा गाव देवळात, आणि ही माझी सून देवळाच्या भिंतीबाहेर उभी. पाळीत आत कशी जाणार? मी तिच्या सोबतीला बाहेर थांबले. दोघींनी भिंतीला कपाळ टेकून बाळ मागितलं. ती तारीख मी विसरेन होय?"

"माझ्याकडेही हिदार एकवीसच आहे," मेकदेस म्हणाली. आता ती गोंधळली होती. दोघींची सुरुवात एकच होती आणि शेवटात नऊ दिवसांचं अंतर.

"मग तुझी बशी फुटकी आहे," आजीने निकाल दिला. "बरं, मला सांग पोरी, पोर पोटात कधी आलं, तेही ही सांगते ना? बघ बरं काय म्हणते."

मेकदेसने माझा दुसरा बाण पाहिला. मग मोबाइल पाहिला. "हिदार सव्वीस. साधारण."

लाकेचआजीने दोन्ही हात मांडीवर आपटले. "ऐकलंस का रे वोंदिराद? हिदार सव्वीस! अरे, तू तर तेव्हा खाली रानात तीळ कापत होतास. ताहसासच्या पहिल्या दिवशी घरी आलास. मग हे पोर काय टपालाने पाठवलंस?"

ब्रितुकान इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. झेनेबेचने शाल तोंडावर ओढून घेतली. वोंदिराद पेल्यात काहीतरी शोधू लागला.

"दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात, आजी," मेकदेस घाईघाईने म्हणाली. "वोंदिरादभाऊ, तुम्ही हिदारमध्येच आला असाल."

"नाही, सिस्टर," वोंदिराद पेल्याकडेच बघत म्हणाला. "ताहसासची पहिलीच. बसमधून उतरताना गुडघा फुटला होता. इथेच पट्टी बांधली माझी. वहीत असेल."

"पण आजी," ब्रितुकान डोळे पुसत म्हणाली, "ताहसासमध्ये तर नाताळाआधीचा मोठा उपवास असतो! उपवासात कसं काय?"

"तू गप गं," आजी म्हणाली. "तीन महिने तीळ कापून आलेल्या माणसाला कोणी उपवासाचं विचारतं का?"

या वेळी मेकदेसही खळखळून हसली. पण हसता हसता ती थांबली. तिने मला उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या अंगठ्याला घाम आला होता, तो मला जाणवला. नवरा नव्हता, पाळी पक्की होती, आणि तरी माझा बाण भलत्याच दिवशी उभा होता. माझ्या सगळ्या रेघा तिला सांगत होत्या, की आम्ही चुकलो नाही, आम्हाला चुकीच्या जागी ठेवलंय. पण रेघांचं बोलणं ऐकू येत नाही.

तेवढ्यात झेनेबेच खाटेवरून उतरली. सावकाश चालत भिंतीपाशी गेली आणि तिने तिथलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. कोण्या दुकानाने फुकट वाटलेलं साधं कॅलेंडर होतं ते. त्यात प्रत्येक चौकोनात इथली तारीख मोठ्या अक्षरात आणि कोपऱ्यात परदेशी तारीख बारीक अक्षरात छापलेली असते.

"सिस्टर," ती इतकं हळू म्हणाली, की ब्रितुकानला गप्प बसावं लागलं. "मी चुकत असेन. आठवीपर्यंतच शिकलेय. पण तीन आठवडे मी याच भिंतीकडे बघतेय. मोठा आकडा आणि कोपऱ्यातला बारका आकडा कधीच सारखे नसतात."

तिने पानं मागे उलटली. नेहासे, हामले, सेने… थेट हिदारपर्यंत. एकविसाच्या चौकोनावर बोट ठेवलं. कोपऱ्यात बारीक आकडा होता: तीस.

"त्या चकतीवर तुम्ही एकवीस लावलं का तीस?"

शेगडीवर कॉफी उतू गेली, ती आजीने जाऊ दिली.

मेकदेसने माझी लहान चकती धरली आणि फिरवली. एक रेघ, दोन, तीन… नऊ. पहिला बाण तीस नोव्हेंबरवर आला. दुसरा सरकला, तिसरा सरकला. तिसरा सहा सप्टेंबरवर थांबला. मोबाइलने सांगितलं: पागुमे, एक.

"आणि दुसरा बाण?" आजीने विचारलं.

"ताहसास पाच," मेकदेस म्हणाली.

"घ्या," आजी म्हणाली. "वोंदिरादला वर चार दिवस गुडघा शेकायलाही मिळाले."

मला वाटलं, मेकदेस हसेल. ती जमिनीवरच बसली, नव्या कोऱ्या कोटासकट. मग तिने केंद्राच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मला ऐकू येत नव्हता, तिचा येत होता.

"सर, उद्या झेनेबेचला पाठवत नाही… नाही सर, पाण्यामुळे नाही. माझ्यामुळे. मी तारीख चुकीची काढली… हो सर. फक्त तिचीच नाही. बहुतेक सगळ्यांच्याच."

हे शेवटचं वाक्य बोलायला तिला फार वेळ लागला.

फोन ठेवून ती उठली. टेपने झेनेबेचचं पोट मोजलं. कर्णा पोटाला लावून पूर्ण एक मिनिट ठोके ऐकले, मग परत एक मिनिट. मग तिच्यासमोर बसून तिने सरळ सांगितलं, "बाळ ठीक आहे. पागुमेचे पाच दिवस थांबू. मी दिवसातून चारदा ठोके ऐकणार. त्यात जरा जरी फरक वाटला, तर मी स्वतः तुझ्याबरोबर गाडीत बसेन. चालेल?"

झेनेबेचने मान हलवली. मग म्हणाली, "सिस्टर, आता ती चकती बरोबर आहे ना?"

मेकदेसने खोटं सांगितलं नाही. "आता कॅलेंडर बरोबर आहे. चकती अंदाज सांगते."

मला अंदाज म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली आणि मोडक्या पायाच्या एका म्हाताऱ्याला घेऊन गेली. ती नदीपाशी दुपारपर्यंत अडकून पडल्याचं संध्याकाळी कळलं. झेनेबेचने ते ऐकलं, कूस बदलली, आणि ब्रितुकानकडे मक्याच्या लाह्या मागितल्या.

पागुमेचा पहिला दिवस उजाडला आणि मावळला. काही नाही. आजी म्हणाली, "बोटांचंही एखाद्या दिवसाने चुकतं." दुसरा दिवसही तसाच. तिसरा दिवस देवदूत रुफाएलचा. तो अडलेल्या बायकांना सोडवतो असं इथे मानतात, आणि त्या दिवशीच्या पावसात मुलं मुद्दाम भिजतात. आजीची पक्की खात्री होती. तिने सुनेच्या पोटावर पावसाचं पाणी शिंपडलं. बाळाने एक जोरदार लाथ मारली आणि पुन्हा झोपून गेलं.

मेकदेस दिवसातून चारदा म्हणाली होती, पण ती सात-आठदा जायची. मी तिच्या खिशात असायचे. ठोके ऐकताना तिच्या छातीचे ठोकेही मला ऐकू यायचे. दोन्हींत तिचेच जास्त जोरात असायचे. मलाही शंका येऊ लागली होती. ही तारीखही चुकली असेल तर? झेनेबेचच्या जागी मी असते, तर ही चकती मी केव्हाच शेगडीत टाकली असती.

चौथ्या दिवशी सकाळी झेनेबेचने चुलीवर भाकर टाकता टाकता मध्येच कंबर धरली.

ते मी पाहिलं नाही, कारण मेकदेसने कोट काढून खुंटीला अडकवला होता. मी खिशातून नुसती ऐकत होते. आजीचा आवाज, मेकदेसचा आवाज, आणि मध्ये झेनेबेचचा. ती तेव्हाही मोठ्याने ओरडली नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा एकदम सगळं शांत झालं.

बाळ आलं होतं, हे कळत होतं. पण आवाज नव्हता.

मला आठवडे मोजता येतात. दिवस मोजता येतात. क्षण माझ्यावर छापलेलेच नाहीत. ती शांतता किती लांब होती, हे मी सांगू शकत नाही. फक्त टॉवेलने खसाखसा पुसल्याचा आवाज येत होता आणि मेकदेस म्हणत होती, "चल गं, चल गं, चल बाई, उशीर नको करू."

आणि मग ती चिमुरडी रडली. अशी रडली, की खुंटीवरचा कोट हलला असं मला वाटलं. कदाचित वाराही असेल.

मुलगी झाली होती. इथे बाळ झालं की बायका जीभ हलवून आनंदाचा आवाज काढतात, मुलासाठी सात वेळा, मुलीसाठी तीन वेळा. लाकेचआजीने सुरुवात केली ती थांबेचना. ब्रितुकान बाहेरून ओरडली, "आजी, मुलगा का मुलगी? मोजून तरी करा!"

"मोजणं पुरे झालं आता!" आजी आतून ओरडली आणि पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी लोणी घातलेली जाड लापशी शिजली आणि नाव ठरलं. आजीनेच ठरवलं: ताग्गेसेच. म्हणजे, जिने धीर धरला ती. आता धीर नक्की कोणी धरला, बाळाने, आईने की सिस्टरने, यावर लापशी संपेपर्यंत वाद चालला.

त्यानंतरचे तीन दिवस मेकदेसने वहीसमोर काढले. एकेक कार्ड, एकेक तारीख. ज्या बायकांचे दिवस अजून भरायचे होते, त्या प्रत्येकीला तिने गावोगावच्या आरोग्यसेविकांकडून नवी तारीख कळवली आणि निरोपात लिहिलं, 'आधीची चूक माझी होती.' मग ती 'उशीर'च्या रकान्यात आली. तेवीस बाळांपुढचा 'उशीर' तिने एकेक करून खोडला. तेवीस बाळांवरचा आळशीपणाचा आरोप असा मागे घेतला गेला. बाळांना त्याचं काही सुखदुःख नव्हतं. मला होतं.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी खीळ सैल झाली आहे. बाण लावला तरी मी स्वतःहून दोन दिवस इकडे नाहीतर तिकडे सरकते. काठावरचं चकचकीत प्लास्टिक सुटलं आहे. तरी मेकदेस मला फेकत नव्हती.

पण गेल्या महिन्यात ताग्गेसेच लस टोचून घ्यायला आली. साडेतीन महिन्यांची, गुटगुटीत, वडिलांसारखं कपाळ. टोचल्यावर ती इतकी रडली, की तिला गप्प करायला मेकदेसने मला तिच्या हातात दिलं. तिने मला नीट पाहिलं. मग सरळ तोंडात घातलं. झेनेबेच हसत बसली, कोणी मला सोडवलं नाही. बाहेर आले तेव्हा माझा नोव्हेंबर पूर्ण चावून झाला होता.

आता तिथला कागद फुगलाय आणि एकही रेघ वाचता येत नाही. मेकदेसने मला उन्हात वाळवलं, हसून खणात ठेवलं, आणि नवी चकती मागवायचा अर्ज भरला.

माझी काही तक्रार नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. नव्या चकतीवरही बाराच महिने असतील. ती तुमच्या हातात आली, तर बाण लावायची घाई करू नका. आधी समोरच्या बाईला विचारा आणि तिला पूर्ण सांगू द्या. सण, गाय, नवऱ्याचा गुडघा, सगळं.

ती फार हळू बोलेल. जरा वाकून ऐका.